पांधण बंद केली रे

प्रिय प्रमोद,

फोनवर धड बोलणं होत नाही म्हणून लिहून पाठवतोय, सावकाश वाच. नाल्याकडं जाणाऱ्या आपल्या पांधणीवर बगीचावाल्यांनी तार कंपाउंड टाकून लोखंडी गेट बसवलं, दिवाळीनंतर. तुझं वावर पलीकडं, आमचंही. बैलबंडी जातच नाही, या कापसाच्या वेचणीला बायकांनी गाठोडी डोक्यावर घेऊन नाल्यातून आणली, गोट्यांवरून, गुडघाभर पाण्यातून, आणि वर येईस्तोवर खालचा कापूस ओला. ओल्या कापसाला व्यापारी काय भाव देतो तुला माहीत आहे.

गावात कोणी बोलत नाही बे. संत्र्याच्या तोडीची मजुरी अर्ध्या घरांत तिथूनच येते, देवळाच्या सभामंडपाला वर्गणीही त्यांनीच दिली, मग सरपंच कोणत्या तोंडाने बोलेल? मजुरी देतात हे मी मान्य करतो, बगीचा बंद पडावा असं मला मुळीच वाटत नाही, पण वाट ही गावाची आहे, ती त्यांच्या सातबाऱ्यात येत नाही. पटवारी म्हणतो नकाशा पाहावा लागेल. मग पाहा ना! गावनकाशावर गाडीवाट दोन तुटक रेषांनी दाखवलेली असते.

आणि आपल्या विदर्भात अजून एक कागद आहे जो लोक विसरले, वाजिब-उल-अर्ज. मालगुजारी, म्हणजे इकडची जुनी जमीनदारी, 1951 ला गेली, पण वाटेची, पाण्याची, मासोळीची गावची वहिवाट त्यात लिहून ठेवायची सोय 1966 च्या जमीन महसूल संहितेत कलम 165 ला आहे, चराई अन् सरपणासाठी निस्तारपत्रक वेगळं. दोन्हीच्या नकलांसाठी मी अर्ज टाकलाय.

आता घाई काहून ते सांगतो. वाट अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदार अडथळा काढायला लावू शकतो, पण अर्ज अडवल्यापासून सहा महिन्यांत पाहिजे, नंतर घेत नाहीत. एकट्याने टाकला तर उद्या त्या घरची मजुरी बंद होईल, म्हणून पलीकडच्या सगळ्या वावरवाल्यांच्या सह्या एकाच अर्जावर हव्यात, आणि 26 जानेवारीच्या ग्रामसभेत ठरावही. तू बाहेर राहतोस, तुझी मजुरी कोणी तोडू शकत नाही, पहिली सही तू केलीस तर बाकीचे धीर करतील. 25 तारखेच्या रात्रीपर्यंत नागपूरला ये, मी स्टेशनवर घ्यायला येतो, सातबाऱ्याची ताजी नक्कल सोबत आण.

तुझा,
दिलीप