प्रवासखर्च आधी द्या, पारितोषिके मग जाहीर करा

माननीय उच्च शिक्षण व संशोधन मंत्री महोदय यांस,

विषय: राज्यशास्त्राच्या संशोधकांसाठीची पारितोषिके व प्रवास अनुदान

महोदय,

सविनय नमस्कार.

राज्यशास्त्राच्या तरुण संशोधकांसाठी पारितोषिके सुरू करण्याचे आपल्या खात्याच्या विचाराधीन आहे, याचा या विषयाची अध्यापक आणि पीएचडीची मार्गदर्शक या नात्याने मला मनापासून आनंद आहे. आमच्या विषयात वर्षानुवर्षे चिकाटीने काम करणाऱ्यांच्या वाट्याला सन्मान तसे कमीच येतात. मात्र या पारितोषिकांच्या आधी प्रवास अनुदानाची सध्याची पद्धत बदलावी, आणि त्यातही एक गोष्ट सर्वांत आधी बदलावी, यासाठी हे पत्र लिहीत आहे. संशोधक प्रवास करून परतल्यावर पावत्या तपासून त्याला पैसे देण्याऐवजी ते निघण्यापूर्वी त्याच्या हाती पडावेत, ही माझी मुख्य विनंती आहे.

ही पद्धत प्रत्यक्षात कशी चालते, ते एका उदाहरणावरून सांगते. माझ्या एका विद्यार्थिनीचा शोधनिबंध परदेशातील एका मोठ्या अधिवेशनासाठी स्वीकारला गेला. आघाडी सरकारांच्या काळात विधिमंडळाच्या समित्यांचे कामकाज कसे बदलते, हा तिचा विषय होता. स्वीकृतिपत्र हाती येताच तिने अनुदानासाठी अर्ज केला. अर्जासोबत गोषवारा, माझे शिफारसपत्र, विभागप्रमुखांचे ना हरकत प्रमाणपत्र, विमानभाड्याची तीन दरपत्रके आणि अधिवेशनाचे नोंदणी शुल्क भरल्याची पावती जोडायची होती. म्हणजे अनुदान मिळेल की नाही हे कळण्यापूर्वीच, परत न मिळणारे शुल्क तिने स्वतःच्या खिशातून भरायचे होते. ते तिने भरले. पुढे व्हिसाच्या अर्जात खर्च कोण करणार याचा पुरावा मागितला गेला, तेव्हा मंजुरीचे पत्र आलेले नव्हते आणि तिच्या बँक खात्यात दाखवण्याजोगी शिल्लकही नव्हती. अधिवेशनाच्या छापील कार्यक्रमपत्रिकेत तिचे नाव होते, पण तिचे सत्र तिच्याशिवायच झाले. मंजुरीचे पत्र त्यानंतर आले. मूळ बोर्डिंग पास जोडून ठरलेल्या मुदतीत खर्चाची मागणी करावी, असे त्यात लिहिले होते.

हा कुणा एका कर्मचाऱ्याच्या हलगर्जीपणाचा परिणाम आहे, असे मला वाटत नाही. कागदपत्रे नियमाप्रमाणे एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेली, आणि छाननी समितीची बैठकही तिच्या ठरलेल्या वेळी झाली. दोष नियमातच आहे. ज्याच्या घरी उसने देण्याइतका पैसा आहे, किंवा ज्याचा पगार विमानाच्या तिकिटाचा भार काही महिने सोसू शकतो, त्यालाच प्रतिपूर्तीच्या, म्हणजे आधी स्वतः खर्च करून मग तो परत मिळवण्याच्या, योजनेचा लाभ घेता येतो. अनुदानाची गरज सर्वांत जास्त कुणाला आहे, असे विचारले तर नेमका तोच माणूस या योजनेच्या बाहेर राहतो.

प्रवास आणि पारितोषिक यांचा संबंध काय, असा प्रश्न आपल्या मनात येईल. आमच्या विषयातील अनेक सन्मान प्रवासाशी थेट बांधलेले आहेत. आंतरराष्ट्रीय राज्यशास्त्र संघटना 1949 मध्ये युनेस्कोच्या पुढाकाराने स्थापन झाली. तिची जागतिक अधिवेशने ब्रिस्बेन, ब्वेनोस आयरेस, सेऊल अशा दूरदूरच्या शहरांत भरत आली आहेत. नवोदित संशोधकाच्या उत्कृष्ट शोधनिबंधासाठी ही संघटना फ्रान्सेस्को केलबर्ग यांच्या नावाने पारितोषिक देते, आणि लिंगभाव व राजकारण या विषयावरील निबंधासाठी विल्मा रूल यांच्या नावाने. ही दोन्ही पारितोषिके अधिवेशनात सादर झालेल्या निबंधांसाठी आहेत. ज्याला तिथे पोहोचताच आले नाही, त्याचा निबंध कितीही चांगला असला तरी परीक्षकांपुढे जात नाही. याच संघटनेत नॉर्वेचे राज्यशास्त्रज्ञ स्टाइन रोक्कान यांच्या नावाने दिला जाणारा पुरस्कार पदव्युत्तर स्तरावरील मोजक्या विद्यार्थ्यांना अधिवेशनाला येता यावे म्हणून दिलेले साहाय्य आहे, हे मला फार महत्त्वाचे वाटते. रोक्कान स्वतः या संघटनेचे अध्यक्ष होते आणि युरोपभरच्या अभ्यासकांना एकत्र आणण्यासाठी त्यांनी आयुष्यभर खटपट केली. त्यांच्या नावाचा सन्मान तरुणांच्या प्रवासखर्चाशी जोडावा, हे ज्यांना सुचले त्यांना या विषयाची गरज नीट कळली होती.

राज्यशास्त्राला ही गरज इतर काही विषयांहून जास्त आहे. राज्यसंस्था प्रयोगशाळेत आणता येत नाही. निवडणूक, संसद, नोकरशाही, स्थानिक प्रशासन यांचा अभ्यास त्या त्या ठिकाणी जाऊन, माणसांशी बोलून आणि तिथली दप्तरे चाळून करावा लागतो. दोन देशांची तुलना करायची तर दोन्ही देश पाहावे लागतात. अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ राल्फ बंच यांचे उदाहरण मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी देते. फ्रान्सच्या ताब्यातील टोगो आणि दाहोमी या पश्चिम आफ्रिकेतील दोन प्रदेशांच्या कारभाराची त्यांना तुलना करायची होती. टोगो राष्ट्रसंघाच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या जागतिक संघटनेच्या, देखरेखीखालचा प्रदेश होता, तर दाहोमी थेट वसाहत होती. आंतरराष्ट्रीय देखरेखीने लोकांच्या जगण्यात खरोखर फरक पडतो का, हा त्यांचा प्रश्न होता. अमेरिकेतील रोझेनवाल्ड निधीच्या शिष्यवृत्तीवर ते 1932 मध्ये निघाले, युरोपातील कागदपत्रे पाहिली आणि मग प्रत्यक्ष त्या प्रदेशांत गेले. दोन्हीकडच्या कारभारात फारसा फरक नाही, हा त्यांचा निष्कर्ष या पाहणीतून आला. 1934 मध्ये हार्वर्डने त्यांना पीएचडी दिली, आणि सामाजिक शास्त्रांतील उत्कृष्ट प्रबंधासाठीचे टोप्पन पारितोषिकही त्या प्रबंधाला मिळाले. अमेरिकेत राज्यशास्त्रात पीएचडी मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय होते. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील विश्वस्त प्रदेशांविषयीची, म्हणजे आंतरराष्ट्रीय देखरेखीखालच्या प्रदेशांविषयीची, प्रकरणे तयार करण्यात त्यांचा वाटा होता, आणि 1950 मध्ये त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. या सगळ्याचा क्रम आपण ध्यानात घ्यावा. आधी शिष्यवृत्ती मिळाली, मग प्रवास झाला, मग प्रबंध लिहिला गेला आणि पारितोषिक सर्वांत शेवटी आले. बंच यांना आधी स्वखर्चाने टोगोला जाऊन या आणि मग पावत्या दाखवा, असे कुणी सांगितले असते, तर तो प्रबंध लिहिला गेला असता असे मला वाटत नाही.

म्हणूनच अनुदान केवळ अधिवेशनांपुरते ठेवू नये. अभिलेखागारातील काही आठवडे, मुलाखतींसाठीचा दौरा, एखाद्या निवडणुकीच्या काळात तिथे राहून केलेली पाहणी यांसाठीही ते मिळावे. अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ एलिनॉर ऑस्ट्रम यांना राज्यशास्त्रातील मानाचे योहान शुट्टे पारितोषिक 1999 मध्ये आणि अर्थशास्त्राचे नोबेल 2009 मध्ये मिळाले. सामाईक पाणी, जंगल, मासेमारी यांची व्यवस्था लोक स्वतः कशी लावतात, हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठिकठिकाणची उदाहरणे गोळा करून दाखवले, आणि त्यात नेपाळमधील सिंचन व्यवस्थांचाही अभ्यास होता. असे काम अधिवेशनातल्या पंधरा मिनिटांच्या सादरीकरणातून उभे राहत नाही.

आता सगळे ऑनलाइन होऊ शकते, मग प्रवास कशाला, असा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे. आंतरराष्ट्रीय राज्यशास्त्र संघटनेचे 2021 चे जागतिक अधिवेशन महामारीमुळे पूर्णपणे ऑनलाइन झाले, आणि ज्यांना एरवी जाता आले नसते असे अनेक जण त्यात बोलू शकले. ती सोय राहावीच. पण तरुण संशोधकाला खरा उपयोग होतो तो सत्र संपल्यावर एखाद्या ज्येष्ठ अभ्यासकाने बाजूला घेऊन ‘तुमचा तिसरा तक्ता मला पटला नाही’ असे सांगण्याचा. युरोपीय राज्यशास्त्र मंडळाच्या संयुक्त कार्यशाळांची रचनाच या विचारावर उभी आहे. वीसेक माणसे काही दिवस एका खोलीत बसतात, आणि प्रत्येकाचा निबंध इतरांनी आधी वाचून आणलेला असतो. ही कार्यशाळा संपताना हाती आलेला कच्चा मसुदा आणि वर्षभरानंतरचा प्रसिद्ध लेख यांतले अंतर मी माझ्याच विद्यार्थ्यांच्या कामात पाहिले आहे.

आगाऊ रक्कम दिली तर तिचा गैरवापर होईल, ही लेखा विभागाची भीती मी गैर मानत नाही, कारण पैसा सार्वजनिक आहे. पण त्यावर उपाय अवघड नाही. नोंदणी शुल्क खात्याने थेट आयोजकांना भरावे. तिकीट खात्याने ठरवून दिलेल्या प्रवास कंपनीकडून थेट काढून द्यावे. संशोधकाच्या हाती फक्त निवास आणि दैनिक भत्त्याची अग्रिम रक्कम पडेल, आणि तिचे विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे ती ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला, त्याने परतल्यावर ठरलेल्या मुदतीत द्यावे. जामीन विद्यापीठाने राहावे. विद्यार्थ्याकडून दोन जामीनदार मागू नयेत. व्हिसासाठी लागणारे हमीपत्र मंजुरीबरोबरच दिले जावे. छाननी समितीची बैठक वर्षातून ठरावीक वेळी घेण्याऐवजी अर्ज येतील तसे ते दर महिन्याला निकाली काढावेत, कारण अधिवेशनांच्या तारखा जगभर वेगवेगळ्या असतात आणि त्या आपल्या आर्थिक वर्षाची वाट पाहत नाहीत.

पात्रतेच्या अटींबद्दल थोडक्यात लिहिते. फक्त कायम नोकरीतील अध्यापकांना अनुदान, अशी अट नसावी. कंत्राटी अध्यापक आणि पूर्णवेळ संशोधक विद्यार्थी यांना त्याची गरज अधिक आहे. लहान मूल असलेल्या संशोधकाला त्याच्या देखभालीचा खर्च मागता यावा. वयाची अट असेल तर ती पीएचडी मिळाल्यापासूनच्या वर्षांवर मोजावी, जन्मतारखेवर नाही, कारण घरच्या जबाबदाऱ्या पार पाडून उशिरा संशोधनाकडे वळलेल्या स्त्रियांची संख्या आमच्या विषयात मोठी आहे.

यानंतरचा मुद्दा मला सर्वांत नाजूक वाटतो, आणि तो मी स्पष्टपणेच मांडते. राज्यशास्त्राचा संशोधक ज्या सत्तेचा अभ्यास करतो, त्याच सत्तेकडून त्याला अनुदान मिळणार असते. विषय ‘राष्ट्रीय प्राधान्यक्रमाशी सुसंगत’ असावा, अशी अट रसायनशास्त्राच्या अर्जावर कदाचित निरुपद्रवी ठरेल. राज्यशास्त्राच्या अर्जावर तिचा अर्थ वेगळा होतो. निवडणुकीतील पैसा, पोलिसांचे अधिकार, अल्पसंख्याकांचे प्रतिनिधित्व, नागरी सेवांतील बदल्या असे विषय घेणारा विद्यार्थी ही अट वाचून अर्ज करायलाच कचरतो, किंवा आपला प्रश्न बोथट करून मांडतो. त्याचा अर्ज कुणी नाकारत नाही, त्यामुळे हे नुकसान कुठल्याच आकडेवारीत येत नाही. निवड समितीत खात्याचा प्रतिनिधी केवळ कार्यवाहीपुरता असावा. मत फक्त अभ्यासकांना असावे, त्यातले काही परदेशी विद्यापीठांतील असावेत, आणि प्रत्येक नकाराचे कारण अर्जदाराला लेखी कळवले जावे. विषयाच्या निवडीवर कोणतीही अट नसावी. आपण हे एक वाक्य नियमावलीत घातलेत, तर त्याची किंमत कुठल्याही पारितोषिकाच्या रकमेपेक्षा जास्त असेल.

पारितोषिकांच्या रचनेतही हे जपता येईल. रक्कम मोठी असावी की लहान, यावर मी फार बोलत नाही. योहान शुट्टे पारितोषिक पाच लाख स्वीडिश क्रोनांचे आहे, पण त्याचा मान रकमेतून आलेला नाही. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठातील ज्या अध्यासनाकडून ते दिले जाते, ते 1622 मध्ये स्थापन झाले, आणि 1995 मधील पहिले मानकरी, अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट डाल यांच्यापासून निवडीचा जो दर्जा तिथे राखला गेला, त्यातून तो मान आला. आपल्या पारितोषिकांची नामांकने फक्त संस्थांकडूनच मागवू नयेत. तसे केल्यास ज्या विभागप्रमुखाशी विद्यार्थ्याचे पटत नाही, तिथे त्याचा प्रबंध कपाटातच राहतो. संशोधकाला स्वतःचा प्रबंध स्वतः पाठवता यावा. परीक्षकांनी आपल्या विद्यार्थ्यांच्या प्रबंधांवर मत देऊ नये, आणि निवडीमागची कारणे दोन-तीन परिच्छेदांत प्रसिद्ध करावीत. हा परीक्षकांचा लेखी अभिप्राय विजेत्याला धनादेशापेक्षा जास्त काळ उपयोगी पडतो. इंग्रजीऐवजी लोकांच्या भाषांत लिहिलेल्या प्रबंधांसाठी वेगळा, दुय्यम गट करू नये. त्या भाषा जाणणारे परीक्षक नेमावेत आणि सगळ्या प्रबंधांचा एकत्र विचार करावा.

निधी मर्यादित आहे आणि पहिल्या वर्षी दोन्ही गोष्टी करता येणार नाहीत, असे आपल्याला वाटत असेल, तर पहिल्या वर्षी पारितोषिके देऊ नयेत. त्या रकमेतून अग्रिम प्रवास अनुदानाची योजना सुरू करावी आणि पारितोषिके तिसऱ्या वर्षापासून द्यावीत. तोपर्यंत या अनुदानावर जाऊन आलेल्या संशोधकांचे प्रबंध परीक्षकांपुढे ठेवण्याजोगे झालेले असतील. सुरुवात म्हणून प्रतिपूर्तीची अट रद्द करणारे आणि अर्जासोबत नोंदणी शुल्काची पावती मागणे थांबवणारे परिपत्रक खात्याने काढावे. त्यासाठी नव्या निधीची गरज नाही. पुढील अधिवेशनांसाठी गोषवारे मागवणे सुरू होण्यापूर्वी ते निघाले, तर या वर्षी अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्यांनाही त्याचा लाभ मिळेल.

आपली विश्वासू,
राज्यशास्त्राची एक अध्यापक व पीएचडी मार्गदर्शक