प्रपोजल लिहायला शिकवणार कोण?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी कळव्यात राहते आणि ठाण्यात ज्युनियर कॉलेजला समाजशास्त्र शिकवते. आमच्याच बिल्डिंगमधली एक मुलगी एमएच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मध्यंतरी एका रात्री साडेनऊ वाजता ती चार पानं हातात घेऊन दारात उभी, म्हणाली काकू जरा बघता का, परवा रिसर्च प्रोजेक्टचं प्रपोजल, म्हणजे संशोधनाचा आराखडा, द्यायचंय. पानं वाचली आणि मला खरंच वाईट वाटलं, मुलगी हुशार आहे, मेहनती आहे, पण तिला कुणी काही सांगितलेलंच नव्हतं. ग्रुपवर एक फॉर्मॅट आला होता, प्रस्तावना, समस्येचं विधान, उद्दिष्टं, गृहीतकं, पूर्वसंशोधनाचा आढावा, संशोधन पद्धती, प्रकरणयोजना, संदर्भसूची, आणि तिने प्रत्येक मथळ्याखाली काहीतरी भरलं होतं, रेशनकार्डचा फॉर्म भरतात तसं. हे तिच्या एकटीचं नाही, दरवर्षी माझ्याकडे अशी दोन-तीन मुलं येतात म्हणून हे पत्र.

विषय होता ‘ठाणे जिल्ह्यातील घरकाम करणाऱ्या महिलांच्या समस्या : एक अभ्यास’. सगळी गडबड इथूनच सुरू होते. ठाणे जिल्हा म्हणजे कुठला? तिने जिल्ह्याची लोकसंख्या १ कोटी १० लाख लिहिली होती, ती २०११ च्या जनगणनेतली, आकडा बरोबर आहे, पण १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला आणि वसईपासून मोखाड्यापर्यंत आठ तालुके, जवळपास ३० लाख माणसं तिकडे गेली. म्हणजे ती लिहितेय आजच्या ठाण्याबद्दल आणि आकडा धरलाय जुन्या ठाण्याचा. तिला मी विचारलं तू मोखाड्याला जाणार आहेस का गं, ती म्हणाली नाही काकू, मी कळव्यातच बायकांना विचारणार होते. मग कळवाच लिही ना!

हे मी तिला शहाणपणा म्हणून सांगितलं नाही, माझं स्वतःचं हेच झालं होतं. माझ्या पीएचडीचा पहिला विषय ‘नवी मुंबईतील कोळी समाज’ असा होता आणि कमिटीत एका सरांनी एवढंच विचारलं, कुठली नवी मुंबई? महापालिकेची, दिघ्यापासून बेलापूरपर्यंतची, की सिडकोची, ज्यात ९५ गावं येतात आणि पनवेल-उरणची गावं तर रायगड जिल्ह्यात आहेत? मला उत्तर देता आलं नाही. प्रपोजल परत आलं, दोनदा आलं, आणि त्या वेळी मला कुणी बसवून सांगितलं नाही की आता करायचं काय, गाईड म्हणाले रिवाइज करा, बस. सहा आठवडे मी नुसते शब्द बदलत बसले, विषय तोच.

प्रपोजलमध्ये सगळ्यात अवघड काम म्हणजे विषयाचा प्रश्न करणं, आणि त्यालाच आपल्याकडे कुणी वेळ देत नाही. ‘समस्या’ हा विषय झाला, प्रश्न नाही झाला. त्या रात्री आम्ही अकरा वाजेपर्यंत बसलो. मी म्हटलं, तुझ्या घरी काम करायला ताई येतात, त्यांच्याबद्दल तुला न कळलेली एक गोष्ट सांग. ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, खाड्याचे पैसे कापायचे की नाही हे कोण ठरवतं, कारण आमच्याकडे महिन्याला दोन सुट्ट्या चालतात, समोरच्या काकूंकडे एकही नाही, पण हे कधी बोलून ठरल्याचं मी ऐकलं नाही. हा प्रश्न आहे! याला उत्तर शोधावं लागतं, बायकांकडे जावं लागतं, मालकिणींकडेही जावं लागतं, आणि २००८ चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा सुट्टीबद्दल काय म्हणतो किंवा म्हणत नाही तेही उघडून बघावं लागतं. उद्दिष्टं आपोआप तीनच उरली. आधी पाच होती आणि पाचही ‘अभ्यास करणे’ वर संपत होती.

गृहीतकांचं तर काय सांगू. ‘घरकाम करणाऱ्या महिलांना अनेक समस्या आहेत’ हे पहिलं गृहीतक. हे चूक ठरूच शकत नाही, मग तपासणार काय? मुळात हायपोथिसिसला, म्हणजे जो अंदाज तपासून बघायचा त्याला, परिकल्पना किंवा अभ्युपगम म्हणावं, गृहीतक म्हणजे आपण धरूनच चाललोय ती गोष्ट, पण आपल्याकडे दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात आणि मुलांचा गोंधळ होतो. आणि वीस-पंचवीस बायकांशी निवांत बोलून जो अभ्यास होणार आहे त्यात दरवेळी परिकल्पना लागतेच असंही नाही, नीट मांडलेले प्रश्न पुरतात, हे गाईडनी मुलांना स्पष्ट सांगावं.

मग आला नमुना, म्हणजे किती जणींशी बोलायचं ते. तिने ३०० महिला लिहिल्या होत्या. का ३००, तर मागच्या वर्षीच्या मुलीने ३०० घेतल्या होत्या. आम्ही हिशोब मांडला, एका बाईशी बोलायला चाळीस मिनिटं धरली तरी २०० तास होतात. या बायका सकाळी सहाला घर सोडतात, विटावा-दिघ्याकडून येणाऱ्या तर त्याहून आधी, दुपारी एक ते चार जरा मोकळ्या असतात आणि तेवढ्यात त्यांना स्वतःच्या घरचंही बघायचं असतं. रोज दोघी भेटल्या तरी १५० दुपारी. आणि प्रपोजलमधल्या वेळापत्रकात डेटा कलेक्शन कधी, तर दिवाळीच्या सुट्टीत! दिवाळीच्या आधी पंधरा दिवस या बायकांना साफसफाईची जादा कामं असतात, कुणी फराळाला मदत करतं, आणि नंतर निम्म्या गावाला जातात. मुलीला कॉलेजची सुट्टी दिसली, बायकांचा दिवस तिने बघितलाच नव्हता. आता २५ बायका आणि मालकिणींची १२ घरं ठरलीत, आणि पाच मुलाखती सप्टेंबरमध्येच करून बघायच्या, म्हणजे प्रश्न नीट लागतात का ते कळेल.

मला स्वतःला हे पीएचडीच्या वेळी पंचांगाने शिकवलं. खाडीवर मासेमारी करणाऱ्या घरी मुलाखतीला गेले की कुणी भेटायचंच नाही, तीन फेऱ्या फुकट गेल्यावर एका आजींनीच सांगितलं की उधाणाला येऊ नको, भांगाला ये. म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास जायचं नाही, अष्टमीच्या सुमाराला जायचं, तेव्हा पाण्याला जोर कमी म्हणून माणसं घरी सापडतात. त्यानंतर माझं सगळं वेळापत्रक तिथीवर लागलं. कुठल्याही मेथडॉलॉजीच्या पुस्तकात हे मिळणार नाही, पण प्रपोजल द्यायच्या आधी दोन-तीन चकरा मारल्या असत्या तर पहिल्याच वेळी लिहिता आलं असतं.

पूर्वसंशोधनाबद्दल थोडक्यात. मुलं शोधगंगेवरून, म्हणजे पीएचडीचे प्रबंध जिथे ऑनलाइन ठेवतात त्या साइटवरून, तयार प्रबंध उतरवतात आणि ‘अमुक यांनी असा अभ्यास केला’ असं एकाखाली एक लिहीत जातात. पण शोधगंगोत्री पण आहे, ती साइट चालवणाऱ्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या संस्थेचीच, तिथे पीएचडीची मान्य झालेली प्रपोजल्स वाचायला मिळतात. तयार प्रबंधात माणूस कुठे पोचला ते दिसतं, तो कुठून निघाला हे प्रपोजलमध्ये दिसतं, आणि आपल्याला तेच बघायचं असतं. वाचताना प्रत्येकाबद्दल त्याने कुणाला विचारलं आणि कुणाला विचारायचं राहिलं एवढं वहीत टिपलं तरी आढावा चांगला होतो. आणि यूजीसीच्या २०१८ च्या नियमात दुसऱ्याच्या लिखाणाशी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही याचा अर्थ तेवढी कॉपी चालते असा कृपया कुणी घेऊ नये.

आता माझं म्हणणं. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे आपल्याकडे एमएला पहिल्या सेमिस्टरला रिसर्च मेथडॉलॉजीचे ४ क्रेडिट आहेत, मग तिसऱ्याला रिसर्च प्रोजेक्टचे ४ आणि चौथ्याला ६. क्रेडिट कमी नाहीत, त्यामुळे वेळ नाही हे कारण मला पटत नाही. पहिल्या सेमला व्याख्या पाठ होतात, परीक्षा होते, आणि तिसऱ्या सेमला विषय पंधरा दिवसात द्या म्हणून मेसेज येतो, मधलं अख्खं दुसरं सेमिस्टर कोरडं जातं. तेव्हाच मुलांकडून फक्त एक पानी प्रश्न लिहून घ्यावा आणि वर्गात सगळ्यांसमोर वाचायला लावावा, खाली बसलेल्यांनी विचारावं कुठली नवी मुंबई, किती बायका, कधी जाणार. मराठीतून वाचू द्यावा, माझ्या अनुभवाने मुलांना मराठीत प्रश्न सुचतो आणि इंग्रजीत फक्त मथळे सुचतात. गाईडकडे आठ-दहा मुलं असतात, तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांचे हाल मला माहीत आहेत, म्हणून सगळा भार त्यांच्यावर टाकू नये, आपल्या ठाण्यात आणि नवी मुंबईत पीएचडी झालेली, घरी बसलेली, निवृत्त झालेली किती माणसं आहेत, महिन्यातला एक शनिवार कुणीही देईल, मी द्यायला तयार आहे. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे, अशा ठिकाणी एखादी दुपार मिळाली तर मुलांना पुस्तकंही हाताशी राहतील.

त्या मुलीने कॉलेजकडून आठ दिवस मागून घेतले आणि रविवारी ती पहिल्या बाईंकडे जाऊन आली. खाड्याचं विचारल्यावर त्या बाई म्हणाल्या, मी गावाला गेले तर पैसे कापतात, पण मालकीणबाई स्वतः मे महिन्यात कुलूप लावून गावाला जातात तेव्हाच्या पगाराचं काय ते पण लिही. तो प्रश्न आता तिच्या प्रपोजलमध्ये दुसऱ्या नंबरला आहे.

आपली,
एक शिक्षिका, कळवा (ठाणे)