‘चांगली आहे, फेकू नये’ असे लिहून देणाऱ्या दादांस

आदरणीय दादा,
सप्रेम नमस्कार.

देवगडहून नांदगाव तिठ्यामार्गे, एसटीत सीपीयूचा डबा मांडीवर धरून, कणकवलीला आपल्या संगणक दुरुस्तीच्या दुकानात आलेली बाई आपल्याला आठवत असेल. निघताना मी आभार मानू लागले, तेव्हा ‘तेचे कसले आभार मानतास?’ म्हणून आपण पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलात. तेव्हा जे राहिले ते आता सर्वांसमोर लिहिते आहे.

मी संगणकावर लग्नपत्रिका आणि आंब्याच्या पेट्यांची लेबले जुळवून देते. लग्नसराई आणि आंबा एकदमच येतात, त्यामुळे त्या दिवसांत मशीन बंद पडणे म्हणजे वर्षाची कमाई बुडणे. ४ जीबी रॅम, म्हणजे चालू काम लक्षात ठेवणारी मशीनमधली पट्टी, पुरेना म्हणून मी शेजारी ८ जीबीची दुसरी घालून घेतली. ज्या दुकानात घेतली त्याचे नाव लिहीत नाही. ‘दोन्ही डीडीआर४ आहेत ना, मग कोणतीही चालते,’ असे तेथे सांगण्यात आले. आधीच्या पिढीची डीडीआर३ असती तर तिची खाचच जुळली नसती आणि ती स्लॉटमध्ये बसली नसती, एवढे त्यात खरे होते. परंतु बसली म्हणजे जमली असे नसते, हे शिकायला मला तीन आठवडे आणि दोन गिऱ्हाइके गमवावी लागली. कधी निळी स्क्रीन येई, कधी मशीन सुरूच होत नसे, आणि एकदा तर रात्री साठवलेली पत्रिका सकाळी उघडेना. त्याच दुकानाने आधी विंडोज नव्याने टाकले, मग जुनी रॅम गेली म्हणून सांगितले, मग मदरबोर्ड गेला म्हणून, आणि शेवटी नव्या मशीनचा दर हातावर ठेवला. ‘खाऱ्या हवेत असंच होतं,’ हेही वर ऐकवले, जणू समुद्रकाठी राहते हा माझाच दोष!

आपण मात्र काही ठरवण्याआधी मशीन ठेवून घेतलेत. एकेक रॅम एकटीच लावून रात्रभर तपासलीत, तेव्हा एकीतही चूक सापडली नाही. दोन्ही एकत्र लावल्यावर तासाभरात चुकांची रांग लागली. ‘हेच्यात वायट कोणच नाय, जोडी जमणा नाय,’ असे आपण म्हणालात आणि मला रापणीचे, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचे, दोन दोर समजावलेत : दोन्हीकडची ओढ एका लयीत हवी. जुनी २४०० च्या वेगाची, नवी ३२०० च्या, म्हणून दोघींना जुनीच्याच चालीने चालावे लागते, हे ठीक. पण चाल एक झाली तरी आतल्या चिपांची मांडणी आणि उत्तर देण्याची लय निराळीच राहते, आणि दोघींना सांभाळून घेणे माझ्या बोर्डाला झेपत नव्हते. नवीच्याच क्रमांकाची दुसरी ८ जीबी आपण शोधून आणलीत, आणि क्रमांक एक असूनही कंपनी आतल्या चिपा बदलते म्हणून तीही जोडी पुन्हा एक रात्र चालवून पाहिलीत.

याचे पैसे आपण घेतलेत, आणि ते घ्यायलाच हवे होते. पण मी हे पत्र ज्यासाठी लिहिते आहे, त्याचे पैसे आपण घेतले नाहीत. काढून ठेवलेली जुनी रॅम आपण उचललीत, तिच्या सोनेरी पट्ट्या शाळेतल्या खोडरबराने हलक्या हाताने पुसल्यात, तिला चंदेरी पिशवीत घातलेत आणि वर कागदाची पट्टी चिकटवून बॉलपेनने लिहिलेत : ‘चांगली आहे. एकटी चालते. फेकू नये.’ माझा दिवस अक्षरे पाहण्यात जातो, त्यामुळे सवयीने तेही अक्षर पाहिले. ‘फेकू’वरची मात्रा जरा लांबली होती, पण शिरोरेघ कोठे तुटली नव्हती, घाईत लिहिलेले ते अक्षर नव्हते. तीन आठवडे मी माझ्या मशीनबद्दल ‘गेली’, ‘गेला’ एवढेच ऐकत होते, आणि खरे सांगायचे तर हळूहळू स्वतःलाच बोल लावू लागले होते. एसटीत ती पट्टी वाचून मला रडू आले, हे येथे कबूल करायला संकोच वाटत नाही. वस्तू बिघडली म्हणायला काही लागत नाही, चांगली आहे म्हणायला ती तपासावी लागते. आणि जिच्यातून आपल्याला एक रुपयाही मिळणार नव्हता, तीही वस्तू आपण तपासलीत. अशी माणसे आपल्या बाजारपेठांत अजून आहेत, तोवर गावातले धंदे गावात चालतील.

एक गोष्ट राहिली. आपण दिलेल्या बिलावर दुकानाचे नाव रबरी शिक्क्याने उमटवले आहे, आणि शिक्का इतका झिजला आहे की फोन नंबरातला शेवटचा आकडा ३ की ८ हे कळत नाही. आपल्यासाठी बिलबुक जुळवले आहे. फाइल त्याच मशीनवर केली, रात्री साठवली, सकाळी उघडली. नमुना सोबत पाठवते आहे; तो आकडा तेवढा तपासून कळवावा, म्हणजे छापायला टाकते.

आपली कृतज्ञ,
देवगडची पत्रिकावाली