जुना सर्व्हर भंगारात घालण्याआधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा-अद्यतन थांबले. तेव्हापासून आपल्या नागपूर शहरातल्या कार्यालयांच्या आवारात जुन्या संगणकांचे ढीग मला जास्तच दिसू लागले आहेत. त्या ढिगांत आता सर्व्हरही, म्हणजे अनेकांचे काम एकट्याने सांभाळणारे मोठे संगणकही, असतात आणि ते किलोच्या भावाने जातात. माझी सगळी नोकरी एका बँकेच्या संगणक विभागात झाली. असे यंत्र कबाड्याच्या हातगाडीवर पाहिले की मला राहवत नाही, म्हणून हे पत्र.

निवृत्तीनंतर मी नंदनवन भागातल्या एका अभ्यासिकेचे संगणक सांभाळतो. तिथे स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले-मुली बसतात. बहुतेक जण बाहेरगावचे आहेत, भंडारा, गडचिरोलीकडचे, आणि प्रत्येकाकडे लॅपटॉप नाही. एका कार्यालयाने त्यांचा जुना सर्व्हर आम्हाला दिला. डेलचा पॉवरएज टी-६१०, उभा डबा, आत चार-चार कोअरचे दोन झिऑन ई-५६२० प्रोसेसर आणि ३२ जीबी रॅम. ही पिढी २०१० ची. वय झाले हे खरे, पण मुलांना लागते ते एवढेच: पीडीएफ वाचणे, ब्राउझरमध्ये चार पाने उघडणे, मराठीत उत्तरे टाइप करणे. त्याच्या कितीतरी पट ताकद त्या डब्यात शिल्लक होती.

प्रश्न होता त्यावर ऑपरेटिंग सिस्टीम कोणती टाकायची हा. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, दोन-तीन ठिकाणी विचारले तर सगळीकडे एकच सल्ला: "काकाजी, विंडोजची क्रॅक कॉपी टाकून देतो, विषय संपला." विषय तिथे संपत नाही. ज्या यंत्रावर मुले परीक्षेचे अर्ज भरतात, आधार क्रमांक लिहितात, बँकेत शुल्क भरतात, त्यावर कुणी काय मिसळले आहे हे ठाऊक नसलेली चोरीची प्रत बसवणे मला मान्य नाही. अभ्यासिका चालवणाऱ्यांनी या बाबतीत कडक राहावे, असे मी कळकळीने सांगतो.

आणि अधिकृत विंडोज घेतले तरी ते इथे नीट बसत नाही. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. २०१० चे झिऑन त्या यादीत नाहीत. होम आवृत्ती एकच प्रोसेसर वापरते, दुसरा नुसता बसून राहतो. या पिढीच्या बहुतेक यंत्रांबरोबर आलेल्या विंडोज सर्व्हर २००८ आर-२ चा आधार तर १४ जानेवारी २०२० लाच संपला. म्हणजे उरते लिनक्स, ही मोफत आणि मुक्त ऑपरेटिंग सिस्टीम. तिचे अनेक प्रकार आहेत.

पण लिनक्स म्हटल्यावर लोक यूट्यूबवर जे सुंदर दिसते ते उतरवून घेतात, आणि सर्व्हरवर ते रडतखडत चालते. सर्व्हरसाठी निवड करताना आधी त्याच्या पोटात काय आहे ते पाहायला हवे. पहिली गोष्ट डिस्कचा रेड कंट्रोलर, म्हणजे अनेक डिस्क एकत्र सांभाळणारे कार्ड. आमच्या यंत्रात पर्क ६/आय आहे. कंपन्यांत चालणाऱ्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स या प्रकाराने आठव्या आवृत्तीपासून या कंट्रोलरचा आधार काढून टाकला. त्याच्या दहाव्या आवृत्तीला तर एव्हीएक्स-२ हा आज्ञासंच असलेला, म्हणजे साधारण २०१३ नंतरचाच प्रोसेसर लागतो. डेबियन या दुसऱ्या प्रकाराने या कंट्रोलरचा आधार राखला आहे. शिवाय हा कंट्रोलर डिस्क थेट ऑपरेटिंग सिस्टीमपर्यंत पोहोचवत नाही, म्हणून प्रत्येक डिस्कचा एकटीचा रेड-० गट बनवावा लागतो, आणि २ टीबीपेक्षा मोठी डिस्क तो ओळखत नाही. जुन्या सॅस डिस्क (सर्व्हरच्या फिरत्या डिस्क) काढून एक साधी एसएसडी लावली की विजेचा आणि आवाजाचा बराच भार उतरतो.

दुसरी गोष्ट नेटवर्क. या पिढीच्या डेलमध्ये ब्रॉडकॉमचे जे नेटवर्क कार्ड असते त्याला वेगळे फर्मवेअर, म्हणजे ते कार्ड चालवणारी छोटी आज्ञावली, लागते. पूर्वी डेबियनचा इन्स्टॉलर ऐन मध्यावर थांबून ते मागायचा आणि नवशिक्या माणूस तिथेच हात टेकायचा. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून असे फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच असते. हा बदल माझ्या मते फार मोलाचा.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट चित्राची. सर्व्हरवर मॉनिटर लावून बसणे निर्मात्यांनी धरलेलेच नसते. आत मॅट्रॉक्स जी-२०० या जुन्या चित्र-चिपचा वंशज असतो, मूळ रचना १९९८ ची, ८ एमबी मेमरी, बाहेर फक्त व्हीजीएचे, म्हणजे जुन्या पद्धतीच्या मॉनिटर-जोडणीचे, तोंड. गनोमसारखा नटवा डेस्कटॉप टाकला तर खिडक्या सरकवण्याचे, सावल्या रंगवण्याचे सगळे काम प्रोसेसरवर पडते आणि माऊस अडखळतो. म्हणून मी डेबियन १३ घेतले आणि वर एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप, तोही पारदर्शकतेचे खेळ बंद करून. खिडकी लगेच उघडते, लगेच मिटते. वेगळे ग्राफिक्स कार्ड लावायचे असेल तर ते बसवायची खाच (स्लॉट) आधी पाहा: अशा यंत्रांत सोळा-पदरी (x१६) खाच बहुधा नसते आणि वीजही बेताची मिळते. जीटी ७१० सारखे १९ वॅटचे कार्ड एक-पदरी जोडणीतही मिळते, ते बसते. आवाजाची सोय तर मुळातच नसते. यूएसबी हेडफोन जोडला की व्याख्याने ऐकता येतात.

घरच्या साध्या जुन्या संगणकाला मी लिनक्स मिंट सुचवतो, विंडोजची सवय असलेल्याला ते लवकर जमते. फेडोरा ही लिनक्सही चांगली, पण तिची प्रत्येक आवृत्ती साधारण तेरा महिने चालते. अभ्यासिकेत दरवर्षी नवी आवृत्ती कोण बसवणार? डेबियनला तीन वर्षे पूर्ण आधार आणि त्यापुढे दोन वर्षे एलटीएस, म्हणजे दीर्घ मुदतीचा मर्यादित आधार, मिळतो. सी-डॅक या सरकारी संस्थेची बॉस लिनक्सही डेबियनवरच उभी आहे, म्हणून मी थेट मुळाशी गेलो.

मराठीचे काय, असे लोक विचारतात. भारतीय भाषांसाठीचा इन्स्क्रिप्ट कळफलक निवडला की काम सुरू होते. लोहित मराठी फॉन्ट वेगळा मिळतो, त्यात ल आणि श आपल्या वळणाचे आहेत. प्रत्येक नव्या यंत्रावर मी "दऱ्याखोऱ्या" आणि "ॲप" हे शब्द टाइप करून पाहतो; ते नीट उमटले की पुढचे सगळे उमटते. श्री-लिपी किंवा कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये केलेल्या फाइल मात्र आधी युनिकोडमध्ये बदलून घ्याव्या लागतात. आणि सरकारी टायपिंग परीक्षेचा सराव ज्या सॉफ्टवेअरवर होतो, त्यासाठी एक विंडोजचे यंत्र आम्ही वेगळे ठेवले आहे. तो प्रश्न लिनक्सने सुटलेला नाही.

आता या पत्राचा खरा गाभा. एवढा मोठा डबा एका मुलासमोर ठेवणे ही उधळपट्टी आहे. सोळा थ्रेड (आठ कोअरचे प्रत्येकी दोन) आणि ३२ जीबी रॅम एकट्याला कशाला? त्यावर एक्सआरडीपी, म्हणजे दुसऱ्या संगणकावरून सर्व्हर वापरू देणारे सॉफ्टवेअर, बसवले की खोलीतले बाकीचे अशक्त संगणक केवळ पडदा आणि कळफलक म्हणून वापरता येतात. काम सर्व्हर करतो. १ जीबी रॅमची यंत्रे, जी कुणी फुकटही नेत नव्हती, त्यांवर आज मुले प्रश्नपत्रिका सोडवतात. प्रत्येकाचे खाते वेगळे, फाइल वेगळ्या. व्हिडिओ या मार्गाने नीट चालत नाही, तो मुख्य पडद्यावरच पाहावा. पेंटियम ४ च्या काळातल्या ३२-बिट यंत्रांसाठी डेबियन १३ चा इन्स्टॉलर नाही, तिथे १२ वर थांबावे लागते. केरळमधल्या सरकारी शाळा कित्येक वर्षे मुक्त सॉफ्टवेअरवर शिकवत आहेत. आपल्याकडे अभ्यासिकांपासून सुरुवात व्हायला काय हरकत आहे?

खर्चाची बाजूही सांगतो. असा दोन प्रोसेसरचा सर्व्हर दीडशे वॅट घेतो असे धरा. रोज १२ तास चालवला तर १.८ युनिट, महिन्याला ५४ युनिट. एकच माणूस वापरणार असेल तर हे परवडत नाही, त्याने छोटा संगणक घ्यावा. दहा जण वापरत असतील तर गणित एकदम बदलते. सुरू व्हायला तो वेळ घेतो, झोपवून ठेवण्याची सोय नसते, आणि आवाज आहेच. पहिल्यांदा बटण दाबले तेव्हा एक मुलगा दचकून म्हणाला, "काकाजी, हे तर विमानासारखं आवाज करून राहिलं!" म्हणून तो बाजूच्या खोलीत ठेवला. पण नागपुरात टिनाच्या छपराची खोली चालणार नाही; मे महिन्यात बाहेर ४५ अंश असतात तेव्हा आत काय होते ते आपण जाणतो. कूलरच्या ओल्या झोतासमोरही ठेवू नये. उन्हाळ्याच्या तोंडावर आतली धूळ ब्लोअरने काढावी.

१ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांत यंत्रे दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणाऱ्यांनाही जागा दिलेली आहे. तेव्हा शहरातल्या कार्यालयांनी, बँकांनी, महाविद्यालयांनी निर्लेखनाची, म्हणजे वापरातून काढायच्या वस्तूंची, यादी करताना "अजून चालणारे" असा एक रकाना ठेवावा आणि ती यंत्रे अभ्यासिका, वाचनालये, जिल्हा परिषदेच्या शाळा यांना आधी विचारून मगच लिलावात काढावीत, ही माझी विनंती आहे.

माहितीच्या काळजीपोटी डिस्क काढून घेतली तरी आमची तक्रार नाही. ते योग्यच आहे. फक्त डिस्क ज्यात बसते तो ट्रे यंत्रातच राहू द्या, त्याशिवाय नवी डिस्क नीट बसत नाही आणि सुटा ट्रे बाजारात शोधत फिरावे लागते. पुढच्या झाकणाची किल्ली डब्याला चिकटवून द्या. आणि बायोसला, म्हणजे यंत्र सुरू होतानाच्या सेटिंगला, पासवर्ड असेल तर तो काढून टाका.

आपला,
एक निवृत्त संगणक कर्मचारी,
नंदनवन, नागपूर