‘उंची कमी असूनही’ नव्हे!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या क्रीडा पानावरचा रग्बीचा लेख वाचला आणि रात्रभर डोक्यातून गेला नाही. हा खेळ आडदांड माणसांचा, आपल्या मुलांनी त्याच्या नादी लागू नये, असा सगळा सूर. शेवटी वेल्सचा रग्बीपटू शेन विल्यम्स याची बोळवण दीड ओळीत, तीही ‘उंची कमी असूनही यशस्वी’ अशी. माझा आक्षेप त्या ‘असूनही’ला आहे.

नोकरीनिमित्त मी २००१ ते २००५ ब्रिटनमधल्या वेल्समध्ये, स्वान्सी शहरात राहिलो. शेजारच्या नीथ गावात नॉल नावाचं मैदान आहे. तिथे कठड्याला टेकून मी शेनला जवळून पाहिलंय. पाच फूट सात इंच उंची, वजन ऐंशी किलोच्या आसपास. समोरून शंभर किलोचा गडी यायचा आणि हा त्याला टाळायचं सोडून थेट त्याच्याच दिशेने धावायचा. दोन हातांचं अंतर उरलं की एक पाय रोवायचा, खांदा झुकवायचा. समोरचा त्या बाजूला झेपावला की हा दुसरीकडून पसार. आपल्याकडे खो-खोत हूल देतात तशीच ती हूल. एवढ्याशा जागेत असं वळायला जमिनीलगतचं, हलकं अंग लागतं. सव्वासहा फुटी माणसाला ते सहजी जमत नाही. म्हणजे तो उंची कमी असूनही चमकला नाही, कमी होती म्हणून चमकला.

‘अंगाने लहान’ हा शिक्का त्यालाही चुकला नाही. २००० साली फ्रान्सविरुद्ध पहिला सामना खेळला, पण पुढे दुखापती आणि हाच शिक्का यांमुळे संघाबाहेर बसला. २००३च्या विश्वचषकाला त्याला नेलं ते तिसरा स्क्रम-हाफ (झुंडीतून आलेला चेंडू पुढे पास करणारा खेळाडू) म्हणून, जवळजवळ भरतीला. सिडनीत न्यूझीलंडविरुद्ध संधी मिळाली. आमच्याकडे तेव्हा रविवारची सकाळ होती. शेजारचे आजोबा चहाचा कप हातात धरून आमच्या टीव्हीसमोर उभेच राहिले, बसायचं विसरले. वेल्स हरला, ५३-३७. पण शेनने ट्राय केला, म्हणजे समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून गुण मिळवले, आणि दुसऱ्या सत्रात काही काळ तर न्यूझीलंड मागे होतं. त्यानंतर त्याला विंगवरून, म्हणजे मैदानाच्या कडेच्या जागेवरून, हलवायची कोणाची हिंमत झाली नाही.

हे सगळं आठवण्याचं कारण माझा मुलगा. तो स्वान्सीतच हा खेळ शिकला. २००५मध्ये पुण्याला परतलो तेव्हा बारा वर्षांचा होता. शाळेत रग्बीचा संघ निवडणार म्हणून कळल्यावर आदल्या रात्री त्याने बूट स्वतः पुसून ठेवले, तिथल्या ऑस्प्रीज रग्बी संघाची काळी जर्सी उशाशी घेऊन झोपला. दुसऱ्या दिवशी सरांनी मैदानाच्या कडेला काच तडकलेला वजनकाटा मांडला आणि पोरांची रांग लावली. याचं वजन भरलं चौतीस किलो. ‘तू पुढच्या वर्षी ये.’ झालं! चेंडू हातात दिला नाही, दहा पावलं पळवून पाहिलं नाही. घरी येऊन बूट न काढता गॅलरीत बसून राहिला, जेवायलाही उठेना. पुढच्या वर्षी परत गेला, परत तोच काटा. तिसऱ्या वर्षी मी विचारलं तर म्हणाला, ‘नको बाबा.’ आज तो बत्तीस-तेहतीस वर्षांचा आहे, पण ते ‘नको बाबा’ माझ्या कानातून जात नाही. कालच्या लेखाने तोच काटा हजारो घरांत नेऊन ठेवला, याचा मला संताप आहे.

ज्या महाराष्ट्राने किडकिडीत पोरांना चढाईला पाठवून कबड्डीचे सामने जिंकले, त्याला हे मी सांगावं का? आधी पोराला पळू द्या, मग हवं तर वजन करा.

आणि दीड ओळीत आटोपलेल्या त्या माणसाचं काम एवढं आहे: वेल्ससाठी ८७ कसोटी सामन्यांत ५८ ट्राय, त्या देशाचा विक्रम. २००५ आणि २००८चे ग्रँड स्लॅम, म्हणजे युरोपातल्या सहा देशांच्या स्पर्धेत सगळे सामने जिंकणं. २००८मध्ये जगातला सर्वोत्तम रग्बीपटू, हा मान मिळवणारा पहिला वेल्श खेळाडू. डिसेंबर २०११मध्ये कार्डिफला ऑस्ट्रेलियाविरुद्ध देशासाठी शेवटचा सामना खेळला, त्यात अगदी शेवटच्या क्षणी चेंडू हातात आला आणि त्यावरही ट्रायच केला!

आणखी एक. फोटोखाली ‘इंग्लंडचा शेन विल्यम्स’ छापलंय. तो वेल्सचा, अमान खोऱ्यातल्या खेड्यात वाढलेला. ५ फेब्रुवारी २००५ला कार्डिफमध्ये वेल्सने इंग्लंडला ११-९ असं हरवलं, त्या सामन्यातला एकमेव ट्राय याच शेनचा. त्या संध्याकाळी स्वान्सीत आमच्या गल्लीत लोक गात होते, ते मी कानांनी ऐकलंय. उद्याच्या अंकात, त्याच पानावर, दुरुस्ती छापावी ही विनंती.

आपला,
एक जुना वर्गणीदार, कोथरूड, पुणे