कच्च्या लिंबालाही डाव मिळावा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या गणेशोत्सवात आमच्या मुलुंडच्या सोसायटीत रांगोळी, कॅरम आणि पाककला यांच्या जोडीला प्रथमच फायटिंग गेमची, म्हणजे पडद्यावर दोघांनी समोरासमोर लढण्याच्या व्हिडिओ गेमची स्पर्धा ठेवली होती. पहिल्याच सामन्यात चौथीतल्या एका मुलीची गाठ आठवीतल्या सराईत मुलाशी पडली. तिची आजी प्रसादाची वाटी बाजूला ठेवून खुर्चीत नीट बसेपर्यंत दोन्ही फेऱ्या संपल्या होत्या आणि मुलगी मांडीवरच्या कंट्रोलरकडे बघत होती. आपले कोणते बटण चुकले, हेही तिला कळले नसावे. पुढे त्याच मुलाने चाळिशीतल्या एका गृहस्थांचीही तीच गत केली. त्यामुळे यंदा वयोगट पाडावेत, ही कार्यकारिणीची सूचना मला पटत नाही. या खेळात नुसत्या वयावरून कौशल्य ठरत नाही. पाडायचेच असेल तर अंतर कौशल्याचे पाडावे, आणि त्यासाठी हँडिकॅप नावाची, म्हणजे बलवानावर बोजा टाकून किंवा नवख्याला सवलत देऊन सामना बरोबरीचा करण्याची सोय अशा अनेक खेळांच्या सेटिंगमध्येच दिलेली असते.

आपल्याकडे ही कल्पना नवी नाही. चाळीच्या गॅलरीत लपंडाव खेळताना धाकट्या भावंडाला आपण कच्चे लिंबू म्हणून घेत असू. ते आऊट झाले तरी त्याच्यावर राज्य येत नसे. फरक इतकाच, की कच्च्या लिंबाची हार धरत नाहीत तशी त्याची जीतही कोणी धरत नाही. हँडिकॅपमध्ये मात्र जीत खरी धरली जाते, कारण सवलत किती हे खेळ सुरू होण्यापूर्वीच दोघांनी मान्य केलेले असते. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर हँडिकॅप शर्यतीत चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन देतात आणि कोणाला किती किलो, हे शर्यतीआधीच छापून येते. (मला शर्यतींचा शौक नाही, वडिलांना होता.)

माझ्या पिढीने फायटिंग गेम पाहिले ते नाणे टाकून खेळायच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये. ‘स्ट्रीट फायटर 2’ हा खेळ 1991 साली आला आणि पुढे काही वर्षांत परळ-दादरच्या पार्लरपर्यंत पोहोचला, तेव्हा तिथला नियम एकच होता : हरला तो उठला. नवखा जितक्या लवकर हरेल तितके पुढचे नाणे लवकर पडे, तेव्हा त्याला सवलत देण्यात मालकाचा कसला फायदा? तोच खेळ 1992 मध्ये सुपर निन्टेंडो या टीव्हीला जोडायच्या यंत्रावर घरी खेळण्यासाठी आला, तेव्हा मात्र दोघांच्या सामन्यात हँडिकॅप ठरवण्याची सोय त्यात होती. घरात हरलेला उठून जात नाही. तीच दोन भावंडे पुन्हा त्याच पडद्यासमोर बसतात, हे बनवणाऱ्यांनी ओळखले होते.

सवलत देण्याचे प्रकारही अनेक आहेत. सरसकट चालतो तो लाइफची पट्टी, म्हणजे खेळाडूचा जीव किती उरला हे दाखवणारी पडद्यावरची रेघ, कमी-जास्त करण्याचा. निन्टेंडोच्या 2018 च्या ‘सुपर स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट’मध्ये पट्टी नसल्याने बलवान खेळाडूला सुरुवातीपासूनच काही टक्के मार अंगावर घेऊन उतरवता येते, आणि निकालानुसार ही सवलत आपोआप बदलत ठेवण्याचाही पर्याय आहे. पण पट्टीच्या उपायाला एक मर्यादा आहे, आणि ती आयोजकांनी ध्यानात घ्यावी. सराईताची पट्टी अर्धी केली म्हणजे त्याला परवडणाऱ्या चुका निम्म्या होतात. परंतु ज्या नवख्याचा एकही ठोसा लागतच नाही, त्याला समोरची पट्टी अर्धी असली काय आणि पाव असली काय, सारखेच. त्याला एकदा कॉम्बोत, म्हणजे सुटकेला वाव न देणाऱ्या सलग ठोशांत पकडले की जमिनीवर पडेपर्यंत त्याच्या हातात काहीच राहत नाही.

म्हणून माझ्या मते फेऱ्यांची सवलत अधिक चांगली. समजा, नवखा सरासरीने पाचांपैकी एक फेरी जिंकतो. तीनपैकी दोन फेऱ्यांच्या नेहमीच्या नियमाने तो सामना जिंकण्याची शक्यता जेमतेम 10 टक्के येते. तेच सराईताने तिन्ही फेऱ्या जिंकायच्या आणि नवख्याला एकच पुरे, असे ठरवले तर ती 49 टक्क्यांच्या घरात जाते. प्रत्येक फेरी पूर्ण ताकदीची राहते आणि कोणाचाही ठोसा कृत्रिमरीत्या हलका करावा लागत नाही. त्यासाठी सेटिंगही लागत नाही, कागद-पेन्सिल पुरते.

याउलट घरोघरी चालणारा उपाय म्हणजे मुद्दाम हरणे. मीही तो करून पाहिला. माझ्या अकरा वर्षांच्या मुलीने तिसऱ्या विजयानंतर कंट्रोलर सोफ्यावर ठेवला आणि म्हणाली, “बाबा, तू माझा मार ब्लॉक केलाच नाहीस.” त्या दिवसापासून आम्ही माझी पट्टी निम्म्यावर आणली आणि ती लागोपाठ दोनदा जिंकली की दहा टक्क्यांनी वाढवायची, असा करार केला. सध्या मी 70 टक्क्यांवर आहे आणि जीव तोडून खेळतो.

नव्या खेळांचा ओढा मात्र दुसरीकडे दिसतो. ‘टेकन’ या दुसऱ्या फायटिंग गेमच्या मालिकेत ‘टेकन 6’पासून लाइफ संपत आले की खेळाडूचा मार वाढतो, पण ही मदत दोघांनाही मिळते आणि सराईत तिचा उपयोग अधिक चांगला करतो, म्हणून तिला हँडिकॅप म्हणता येणार नाही. 2023 च्या ‘स्ट्रीट फायटर 6’मध्ये मॉडर्न कंट्रोल निवडल्यास खास चाली एका बटणावर निघतात आणि त्या बदल्यात अशा चालींचा मार 20 टक्के कमी होतो. हात बसायला हे उत्तम आहे, पण त्याने अनुभवाची दरी बुजत नाही. ऑनलाइन खेळताना मानांकन पाहून बरोबरीचा प्रतिस्पर्धी मिळतो, म्हणून कंपन्यांना हँडिकॅपची निकड वाटत नसावी. परंतु भाऊ-बहीण किंवा बाप-लेक हे मानांकन पाहून जुळवलेले नसतात.

खऱ्या स्पर्धेत असली सवलत नको, हे मला मान्य आहे. 2023 च्या हांगझोऊ आशियाई क्रीडा स्पर्धेत ‘स्ट्रीट फायटर 5’ पदकासाठी खेळला गेला. तिथे हँडिकॅपचा विचारही कोणी करणार नाही. पण सोसायटीच्या मंडपात विजेत्याला मिळतो स्टीलचा डबा. तिथे सोळा नावांतली बारा जण पहिल्या पाच मिनिटांत प्रेक्षक होऊन जाणार असतील, तर संयोजनात काही चुकते आहे.

यंदा नाव नोंदवताना प्रत्येकाचा एक सराव सामना घ्यावा, त्यावरून फेऱ्यांची सवलत ठरवावी आणि ती फलकावर सर्वांना दिसेल अशी लिहावी, असा लेखी प्रस्ताव मी दिला आहे. सेक्रेटरींनी “बघू” म्हटले आहे. गतवर्षीचा तो विजेता मुलगा मात्र लगेच तयार झाला, एका अटीवर : कॅरमच्या स्पर्धेत मी त्याला 25 च्या गेममध्ये आधीच पॉइंट द्यायचे. मी आठ देऊ केले आहेत. तो बारावर अडून बसला आहे.

आपला नम्र,
एक वाचक, मुलुंड (पूर्व), मुंबई