बरोबर पुरुष नाही, म्हणून आतली खोली

मा. संपादक,
स.न.वि.वि.

साळवी स्टॉप ते कुवारबाव या पट्ट्यातल्या नव्या पबांवरचा आपल्या पुरवणीतला पानभर लेख काल वाचला. रात्री झोपतानाही तो डोक्यातून जाईना, म्हणून सकाळी कामावर निघण्याआधी हे लिहायला बसले. आपल्या प्रतिनिधीने एका संध्याकाळी चार ठिकाणं पालथी घातली आणि दिवे, भिंतींवरची चित्रं, गच्चीवरचा वारा, कोकमाचं कॉकटेल अशा सगळ्याचं तोंडभर कौतुक केलं. वर ‘रत्नागिरी बदलतेय’ असा मथळा दिला. त्या चारांपैकी एका ठिकाणी मी जाऊन आले आहे. माझ्यापुरतं तरी तिथे काहीही बदललेलं नाही.

मेच्या अखेरीस आम्ही मैत्रिणी तिथे गेलो होतो. तिघीही बँकेत नोकरी करणाऱ्या, पन्नाशीला आलेल्या. एकीची कोल्हापूरला बदली झाली होती आणि तिला नुसत्या चहापोह्यांवर निरोप द्यायची आमची इच्छा नव्हती. साडेसात वाजले असतील. गच्चीवरची निम्मी टेबलं रिकामी होती. कठड्याजवळच्या टेबलाकडे वळलो तर वेटर आडवा आला. “मॅडम, जेन्ट्स मागून येतायत का?” नाही म्हटल्यावर त्याने जिन्याकडे हात केला. “मग खाली फॅमिली रूममध्ये बसा.” टेबल राखून ठेवलंय का, असं विचारलं, तर तसंही नव्हतं. मग मॅनेजर आला. तिशीचा मुलगा, बोलायला गोड. “ताई, तुमच्याच सेफ्टीसाठी सांगतोय. वर सगळी पुरुषमाणसं, कोणी काही बोललं तर उगाच तुम्हाला त्रास.”

फॅमिली रूम म्हणजे किचनच्या मागची, प्लायवूडचे आडोसे घातलेली खोली. खिडकी नाही. कोपऱ्यात रिकाम्या बाटल्यांचे क्रेट पार छतापर्यंत रचलेले, एसीचं पाणी बादलीत ठिबकतंय आणि प्रत्येक टेबलाला पडदा. पडदा कशासाठी? आम्ही असं काय करणार होतो, की आम्हाला झाकून ठेवावं? बेल दाबून दाबून बोट दुखलं तरी वेटर फिरकेना, कारण त्याचं सगळं लक्ष गच्चीवर. जिची बदली झाली ती म्हणाली, जाऊ दे, आता बसलोच आहोत. मग बसलो. एकेक बिअर घेतली, कोळंबी खाल्ली, तिच्या नव्या शाखेबद्दल बोललो, पण त्या खोलीत कोणाचाच जीव रमला नाही. आणि बिल आलं तर प्रत्येक बाटलीला एसी विभागाचा जादा दर लावलेला. मी वाद घातला. मॅनेजरने मेनूकार्ड पुढे केलं. दर छापलेला होता, हे खरं. पण त्या खोलीत बसायचं आम्ही कुठे मागितलं होतं? बाहेरचं टेबल यांनी नाकारायचं आणि आत बसवल्याचे पैसे आमच्याकडून घ्यायचे!

दारूबंदीचा कायदा १९४९ चा आहे. पिणाऱ्याला परवाना लागतो तो त्या कायद्याने, आणि तो स्त्रीलाही मिळतो. वयाची अट आहे, सौम्य बिअर आणि वाइनला २१, बाकी दारूला २५. बाईबरोबर पुरुष हवा, अशी अट नाही. ती या बारवाल्यांनी आपल्या मनाने घातली आहे.

सुरक्षिततेचं कारण तर मला अजिबात पटत नाही. गच्चीवर बसलेला कोणी बाईला वेडंवाकडं बोलण्याची भीती असेल, तर जिना त्याला दाखवा. त्याला गच्चीचा वारा आणि आम्हाला क्रेटचा वास, हा न्याय झाला का? आणि आपल्याकडच्या बायकांना पुरुषांच्या गर्दीची सवय नाही, असं कोणी सांगू नये. मिरकरवाडा बंदरावर मासळीचा लिलाव सुरू असताना एकदा जाऊन बघा, बायका कशा ठणकावून भाव करतात ते. आम्ही तिघी दिवसभर कर्जदारांसमोर बसतो. त्यात असे बार चालवणारे व्यावसायिकही असतात. स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे मालाच्या साठ्याचा तक्ता, आलं नाही की त्यांना फोन आम्हीच करतो, आणि तेव्हा कोणी विचारत नाही की मॅडम, बरोबर जेन्ट्स आहेत का.

आणखी एक गोष्ट मला सलते. २००८ पासून राज्यात नियम आहे की वॉर्डातल्या २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली तर दारूच्या दुकानासाठी गुप्त मतदान होतं. उभी बाटली की आडवी बाटली. पुरेशी मतं आडवीच्या बाजूने पडली की दुकान बंद. ज्या बायकांनी उन्हातान्हात सह्या गोळा करून बाटली आडवी केली, त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. दारूपायी घर बसलेलं मी माझ्या माहेरच्या आळीत पाहिलं आहे. पण बार बंद पाडणाऱ्या बायकांचा फोटो तुम्ही पहिल्या पानावर छापता आणि बारमध्ये दोन घटका बसू पाहणाऱ्या बाईला कुठे बसवतात, याबद्दल पानभर लेखात एक ओळ नाही. लेखाबरोबरच्या फोटोंत एकही बाई नाही. मी पुन्हा एकदा नीट पाहिलं. ती जागा पुरुषांचीच, हे छायाचित्रकाराला खटकलं नाही, लिहिणाऱ्यालाही नाही, आणि तुमच्या टेबलावरूनही ते पान तसंच पुढे गेलं.

माझी विनंती एवढीच आहे, की याच चार ठिकाणी आपल्या बातमीदार मुलींपैकी कोणाला तरी पाठवा. सोबत कोणी नको. तिला रात्री आठ वाजता गच्चीवर टेबल मागू दे. ते मिळालं की नाही आणि बिलात कोणता दर लागला, हे त्याच पुरवणीत, तेवढ्याच जागेत छापा.

आपली नियमित वाचक,
नाचणे, रत्नागिरी
(नाव व पत्ता संपादकांकडे)

ता. क. : लेखात ‘सकाळीच जाळ्यातून आलेली ताजी सुरमई’ असं म्हटलं आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. लेख जुलैत छापला आहे. ती सुरमई बर्फातली होती, आणि रत्नागिरीच्या वर्तमानपत्राने ती ताजी म्हणून वाचकांच्या माथी मारू नये. शेजारच्या फोटोत तिसऱ्या आहेत, खाली ‘कालवं’ छापलंय. तेही दुरुस्त करा.